एका गृहसंगणकाचा जीर्णोद्धार

जुन्या वस्तूंविषयीची माया ही काही नवी गोष्ट नव्हे. आजोबांचे साखळीचे घड्याळ, कर्ण्याचा ग्रामोफोन, लाकडी पेटीतला वाल्व्हचा रेडिओ यांना अनेक घरांत मानाची जागा मिळत आलेली आहे. परंतु जी वस्तू घरात आली तेव्हा अगदी उद्याची म्हणून आली होती, तीच माळ्यावरून धूळ झटकून खाली काढावी लागावी आणि तिच्या सुट्या भागांसाठी देशोदेशी पत्रव्यवहार करावा लागावा, हा अनुभव मात्र आजच्या मध्यमवयीन पिढीच्याच वाट्याला आलेला आहे. ही वस्तू म्हणजे १९८० नंतरच्या दशकातील गृहसंगणक.

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका मराठी कुटुंबाचे जुने घर होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते रिकामे करण्याची वेळ आली, तेव्हा माळ्यावरच्या एका पत्र्याच्या ट्रंकेतून, लोकरी कपड्यांच्या घड्यांखालून, एक काळा चपटा डबा निघाला. लांबी सुमारे २३ सेंटिमीटर, रुंदी १४ सेंटिमीटर. वर करड्या रबराच्या ४० कळा आणि उजव्या कोपऱ्यात तांबडा, पिवळा, हिरवा व आकाशी असे चार तिरपे पट्टे. सोबत विजेचा ॲडॉप्टर, तारेच्या बांधणीचे एक इंग्रजी पुस्तक, एक कॅसेट रेकॉर्डर आणि सात कॅसेटी. त्या घरातला धाकटा मुलगा आता पन्नाशीला आलेला. त्याने तो डबा हातात घेतला आणि आवराआवरीचे काम त्या दिवसापुरते तेथेच थांबले.

हे यंत्र म्हणजे सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ते २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्धीस आणले. १६ किलोबाइट स्मृतीच्या नमुन्याची किंमत १२५ पौंड आणि ४८ किलोबाइटच्या नमुन्याची १७५ पौंड होती. यंत्राची विद्युत्‌रचना रिचर्ड ऑल्टवॉसर यांची, बाह्यरूप रिक डिकिन्सन यांचे आणि आत कायमची कोरलेली बेसिक भाषा स्टीव्ह व्हिकर्स यांची. स्मृती ४८ किलोबाइट म्हणजे सुमारे एकोणपन्नास हजार अक्षरांची. आज खिशातल्या फोनने काढलेले एक साधे छायाचित्र याच्या कित्येक पटींनी मोठे असते. तरीही एवढ्याशा जागेत खेळ बसले, शब्दकोडी बसली, हिशेब बसले. या यंत्राच्या निरनिराळ्या आवृत्त्या मिळून पन्नास लाखांवर खपल्या आणि १९९२ साली त्याचे उत्पादन संपले.

स्वस्ताई हा त्याचा प्राण होता, आणि ती कोठून आली याचा एक नमुना सांगण्याजोगा आहे. ४८ किलोबाइटपैकी वरच्या ३२ किलोबाइटसाठी ज्या आठ चिप वापरल्या, त्या मुळात दुप्पट क्षमतेच्या होत्या. परंतु कारखान्याच्या तपासणीत त्यांचा अर्धा भाग नापास झालेला होता. तो नापास भाग सोडून उरलेल्या अर्ध्यावर काम भागविले गेले. डागी आंबा कापून चांगली फोड वाढावी, तसाच हा प्रकार. वाढणाऱ्याला त्याची लाज वाटली नाही आणि खाणाऱ्याला ते कळलेही नाही.

भारतात संगणक त्या वेळी सरकारी कचेऱ्या, विद्यापीठे आणि मोठ्या संस्था यांच्यापलीकडे फारसा गेलेला नव्हता. १९८४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने संगणकविषयक धोरण काहीसे सैल केले. त्याच सुमारास ‘क्लास’ या योजनेखाली निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश यंत्र आले. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रमचीच सुधारलेली आवृत्ती येथे विकली. पण बडोद्याच्या या घरातील यंत्र त्याआधीचे. इंग्लंडात नोकरीस असलेल्या मामांनी १९८५ च्या दिवाळीत ते आणले, तेव्हा भाचा दहा वर्षांचा होता. ते जोडायचे कशाला, हाच पहिला प्रश्न पडला. यंत्र आपले चित्र यूएचएफ पट्ट्यातील ३६ व्या वाहिनीवर पाठवी आणि भारतातील त्या काळच्या बहुतेक दूरदर्शन संचांत तो पट्टाच नसे. योग्य संच मिळेपर्यंत चार महिने मुलाने नुसत्या कळा दाबून पाहिल्या.

वडील महाविद्यालयात गणित शिकवीत. संध्याकाळी बापलेक शेजारी बसून पुस्तकातील आज्ञावली अक्षर अक्षर करून चढवीत. या यंत्राची एक मौज अशी की, आज्ञा लिहावी लागत नसे. ‘पी’ची कळ दाबली की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटे, ‘जे’ दाबली की ‘लोड’. मुलाला पुढे इंग्रजी टंकलेखन शिकताना याचा फार त्रास झाला असे म्हणतात. वडील १९९८ साली वारले. यंत्र त्याआधीच ट्रंकेत गेले होते.

अशी वस्तू चाळीस वर्षांनी हाती आली म्हणजे पहिली ऊर्मी होते ती प्लग लावून पाहण्याची. नेमकी तीच आवरावी लागते. जुन्या विद्युत्‌यंत्रांत कपॅसिटर नावाचे जे लहान नळकांडीसारखे भाग असतात, त्यांतील द्रव कालांतराने सुकतो किंवा पाझरतो. ॲडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेले असते, पण मध्ये काय बिघडले आहे ते बाहेरून दिसत नाही. शिवाय या यंत्राच्या प्लगमध्ये ऋण टोक आत आणि धन टोक बाहेर असते. बाजारातील दुसरा ॲडॉप्टर लावला तर बहुधा ते नेमके उलटे. अशा एका क्षणाच्या उतावळेपणाने पुष्कळ यंत्रे कायमची मुकी झालेली आहेत. हे गृहस्थ विमाकंपनीत अधिकारी. डाख देण्याची विद्या त्यांना ठाऊक नव्हती. जवळच्या एका वृद्ध रेडिओ-मेकॅनिककडे ते सहा आठवडे दर रविवारी जाऊन बसले. त्याने त्यांना आधी भंगारातल्या पट्ट्यांवर हात बसवायला लावला आणि ‘ज्यावर जीव आहे त्यावर शिकायचे नाही’ एवढेच बजावले.

डबा पाच स्क्रूंनी बंद असतो. तो उघडताना कळफलकापासून पट्टीपर्यंत आलेल्या दोन पातळ, लवचीक फिती हमखास आड येतात. एकीत पाच वाटा असतात, दुसरीत आठ. पाच आणि आठ यांच्या गुणाकाराने चाळीस कळा ओळखल्या जातात. इतक्या वर्षांत या फिती पापडासारख्या ठिसूळ होतात. येथेही दोन्ही हाताला लागताच तुटल्या. त्यांचे दु:ख करण्याचे कारण नाही, कारण तसे पडदे आज नव्याने तयार होतात आणि विकत मिळतात. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या यंत्रासाठी जगात ठिकठिकाणी हौशी लोक सुटे भाग घडवीत बसावेत, हे व्यापाराच्या नेहमीच्या हिशेबात न बसणारे आहे. पण ते घडते खरे.

नवा ॲडॉप्टर, नवे कपॅसिटर एवढे झाल्यावर यंत्रास प्रथम वीज दिली. पडद्यावर अक्षरांऐवजी उभ्या रेघांची जाळी उमटली. जाणत्याला एवढी खूण पुरते. खालच्या १६ किलोबाइटच्या आठ चिप जुन्या घडणीच्या; त्यांना ५, १२ आणि उणे ५ असे तीन निरनिराळे विद्युद्दाब एकाच वेळी लागतात. हे दाब तयार करणाऱ्या भागातील एक लहानसा ट्रान्झिस्टर या यंत्राचा जुना शत्रू आहे. तो गेला की उणे ५ व्होल्ट नाहीसे होतात आणि पाठोपाठ एखाददुसरी चिप जळते. येथे ट्रान्झिस्टर गेलेला होता आणि आठांपैकी एक चिप मेलेली होती. कोणती, ते पडद्यावरील रेघांच्या स्थानावरून ओळखता आले. मग तिचे सोळा पाय आधी कातरून, एकेक पाय स्वतंत्रपणे तापवून उपसला. कारण आख्खी चिप उपटू गेले तर पट्टीवरील तांब्याच्या वाटाच निघून येतात. त्या जागी बैठक बसवून तीत दुसरी चिप घातली. यंत्र सुरू झाले. पडदा पांढरा झाला आणि तळाशी १९८२ सालची सिंक्लेअर कंपनीची मालकीहक्काची ओळ उमटली.

दुरुस्ती येथे संपली. सुधारणेचा प्रश्न येथून पुढे सुरू झाला. समानशील स्नेह्यांनी सल्ले भरपूर दिले. त्या आठही जुन्या चिप काढून टाकाव्यात, त्यांच्या जागी केवळ ५ व्होल्टवर चालणारी एक नवी पट्टी बसवावी, म्हणजे तीन दाबांचे लचांडच उरणार नाही. फेरांटी कंपनीने या यंत्रासाठी खास घडविलेली मुख्य चिप आज नवी मिळत नाही. तिलाही पर्याय निघाले आहेत. डबासुद्धा नवा मिळतो, हव्या त्या रंगात. म्हणजे मनात आणले तर मूळ यंत्राचा एकही कण न ठेवता संपूर्ण स्पेक्ट्रम उभा करता येतो, आणि तो मूळ यंत्रापेक्षा चांगला चालतो.

आपल्याकडे जीर्णोद्धार या शब्दाचे काय होते ते सर्वांनी पाहिलेले आहे. तीनशे वर्षांच्या काळ्या पाषाणाच्या देवळाला तैलरंग चढतो, सभामंडपात गुळगुळीत फरशी येते, आणि देणगीदारांच्या पाटीवर ‘जीर्णोद्धार’ असे कोरले जाते. उलटपक्षी, काहीच करायचे नाही असे म्हणत गळके छप्पर तसेच ठेवणे हेही मूर्तीला भिजत ठेवण्यासारखेच. या गृहस्थांनी मधला मार्ग काढला: जे मेले ते बदलायचे, जे जिवंत आहे पण यंत्राला जाळू पाहते ते बदलायचे, आणि जे जे काढले ते पाकिटात घालून, नाव लिहून, डब्यासोबत ठेवायचे. मागे फिरता येणार नाही अशी सुधारणा करायची नाही.

त्यांनी तीन सुधारणा केल्या. आजच्या संचावर चित्र स्वच्छ दिसावे म्हणून वाहिनीवर चित्र चढविणारी पेटी बाजूस सारून मूळ चित्रसंकेत थेट बाहेर काढला. दुसरी, ९ व्होल्टचे ५ करून उरलेले चार नुसत्या उष्णतेत उधळणारा जो भाग होता, त्याच्या जागी थंड राहणारा नवा भाग घातला. बडोद्याच्या मे महिन्यात याला पर्याय नव्हता. तिसरी, मागच्या खाचेत बसणारे एक उपकरण घेतले. त्यात नखाएवढे स्मृतिपत्र घातले की त्या काळच्या हजारो आज्ञावली क्षणार्धात उघडतात. तिसऱ्या सुधारणेचा आनंद आठवडाभर टिकला. पूर्वी मोठा खेळ कॅसेटवरून चढायला पाच मिनिटे लागत आणि त्या पाच मिनिटांत घरातील सर्व माणसे श्वास रोखून बसत. आता खेळ लगेच येई आणि तितक्याच लवकर त्याचा कंटाळाही येई. शेवटी राहिल्या त्या सात कॅसेटी.

आज्ञावली कॅसेटवर असत म्हणजे ध्वनिरूपाने असत, हे तरुण श्रोत्यांना विचित्र वाटेल. यंत्र शून्यासाठी लहान आणि एकासाठी त्याच्या दुप्पट लांबीचे स्पंदन फितीवर पाठवी. प्रथम पाच सेकंद एकसुरी शीळ. मग क्षणभर खरखर, तीत आज्ञावलीचे नाव. पुन्हा दोन सेकंद शीळ. आणि मग मुख्य मजकुराची कर्कश किंकाळी. जे कॅसेटवर चढते ते अर्थातच रेडिओवरूनही पाठविता येते. हॉलंडमध्ये ‘हॉबीस्कोप’ या कार्यक्रमातून अशा आज्ञावली प्रक्षेपित होत, आणि बेलग्रेडच्या रेडिओवर ‘व्हेंटिलेटर २०२’ या कार्यक्रमात झोरान मोदली हे संगीताच्या अधूनमधून त्या लावीत. श्रोते आपापले रेकॉर्डर सुरू करून त्या उतरवून घेत. कानाला असह्य, पण कामाचे, असे प्रक्षेपण आकाशवाणीच्या इतिहासात विरळच.

सातांपैकी सहा कॅसेटींवर विकतचे खेळ होते. ते आज कोठेही मिळतात. सातवीवर वडिलांच्या हातचे एकच अक्षर होते: ‘घर’. ही फीत सरळ यंत्राला लावायची नाही, हे गृहस्थांनी ठरविले. जुनी फीत प्रत्येक फेरीगणिक थोडी झडते. पहिली फेरीच शेवटची ठरू शकते. रेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता, तो बदलला. डोके स्पिरिटने पुसले. डोक्याचा कल ठरविणारा बारीक स्क्रू तार स्वर स्पष्ट होईपर्यंत फिरविला. मग दोन्ही बाजूंचा ध्वनी अथपासून इतिपर्यंत आजच्या संगणकात उतरवून घेतला.

स्नेह्यांचे म्हणणे होते की, एवढा खटाटोप नको. असा ध्वनी वाचून त्यातील फक्त उपयुक्त आकडे वेगळे काढणाऱ्या आज्ञावली फुकट मिळतात. ४८ किलोबाइटचा मजकूर ४८ किलोबाइटांतच राहतो, बाकीचा गोंगाट गळून पडतो. व्यवहारत: हे बरोबर होते. पण या फितीवर आरंभी आकाशवाणीवरून उतरवलेल्या एका भावगीताचे शेवटचे कडवे होते. ते मध्येच तुटले, एक खट्ट झाले आणि वडिलांचा आवाज आला: ‘जमाखर्च. तिसरी प्रत. सहा नोव्हेंबर एकोणीसशे सत्त्याऐंशी. आता बोलू नकोस.’ त्यामागे एक दाबलेले हसू होते, ते बारा वर्षांच्या मुलाचे. त्या काळी ही पद्धतच होती. यंत्राची पिन काढली की रेकॉर्डरचा आतला मायक्रोफोन जागा होई. त्यात आज्ञावलीचे नाव बोलायचे, पिन पुन्हा लावायची, आणि मग यंत्राला बोलू द्यायचे. फीत पुढेमागे करताना शोधणे सोपे जाई. आकडे वेगळे काढणाऱ्या आज्ञावलीच्या दृष्टीने गोंगाट म्हणतात तो हाच. सत्तावीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या आवाजाचा त्या घरात दुसरा पुरावा नव्हता.

जमाखर्च मात्र चढेना. तीनदा लावले, तीनदा यंत्राने फितीत दोष असल्याचा शेरा दिला. प्रत्येक मजकुराच्या शेवटी पडताळ्याचा एक आकडा असतो. हजारोंपैकी एक स्पंदन चुकले तरी तो जुळत नाही आणि यंत्र सगळेच नाकारते. ध्वनीचा आलेख पडद्यावर ताणून पाहताना, मध्यावर एके ठिकाणी, सेकंदाच्या अंशाएवढ्या जागेत, तो रोडावलेला दिसला. फितीवरचा लेप तेथे झिजला होता. स्पंदने होती, पण क्षीण होती. मूळ ध्वनी तसाच ठेवून त्याची दुसरी प्रत केली, तिच्यातील तेवढाच तुकडा मोठा केला आणि तो ध्वनी यंत्राला ऐकविला. कडेला तांबड्या-आकाशी आणि मग निळ्या-पिवळ्या रेघा धावू लागल्या. नाव उमटले. नावासाठी दहाच अक्षरांची मुभा असते; ‘जमाखर्च’ रोमन लिपीत लिहिले तर बरोबर दहा भरतात.

आता ‘आर’ची कळ दाबायची, म्हणजे ‘रन’, असेच कोणीही केले असते. पण गृहस्थांनी तारेच्या बांधणीचे ते पुस्तक सोबत उघडून ठेवले होते, आणि समासात वडिलांची पेन्सिल होती: ‘रन नको. गो टू १००.’ कारण त्याच पानावर होते. हे यंत्र आज्ञावली फितीवर ठेवताना तिच्यात त्या क्षणी भरलेले आकडेही सोबत ठेवते. ‘रन’ म्हटले की पाटी पुसून आरंभापासून सुरुवात होते, ‘गो टू’ म्हटले की पाटी राहते. त्यांनी ‘जी’ची कळ दाबली, शंभर आकडा दिला, आणि ऑक्टोबर १९८७ चा घरखर्च ओळीने पडद्यावर आला. किराणा, दूध, वर्तमानपत्र, घासलेट, वीज, शाळेची फी, मामांना टपाल. खाली बेरीज. कॅसेटींची नोंद कोठेच नव्हती, हे त्यांना जरा नवल वाटले. त्या वर्षी घरात कोऱ्या कॅसेटी बऱ्याच आल्या होत्या.

आई आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना खुर्ची देऊन पडद्यासमोर बसविले. आधी त्यांना आवाज ऐकविला होता, तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी चष्मा पुसला, एकेक ओळ बोटाने धरून वाचली आणि दुधापाशी बोट थांबविले.

‘‘इतकं दूध आपल्याकडे कधी येत नव्हतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रोजचा एक लिटर जास्त लावलाय यांनी. तुमच्या त्या फितींचे पैसे घातलेत त्यात.’’